निळ्या आभाळातले पहारेकरी

पावसाळा आटोपला की ऑक्टोबरात काही दिवस आभाळ नुकतं धुऊन पसरल्यासारखं निळंशार असतं. अशा एखाद्या सकाळी गच्चीवर चटई टाकून पडावं, सूर्य नजरेत येणार नाही एवढं बघावं आणि निळाईतल्या एका जागी नजर रोखावी. थोड्या वेळात बारीक, चमकदार ठिपके दिसायला लागतात. जेमतेम सेकंदभर टिकतात, नागमोडी धावतात आणि विझतात. चिकाटीनं पाहत राहिलं तर लक्षात येतं, की ते वाटेल तसे धावत नाहीत. त्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत आणि दर ठोक्याला त्यांचा वेग किंचित वाढतो. ठोका आपल्याच हृदयाचा.

डोळ्यांपुढे तरंगणारे काळपट धागे ते हे नव्हेत. ते डोळ्याच्या आतल्या जेलीतले कण. नजर हलवली की तेही डुलत जातात. या ठिपक्यांबद्दल जर्मन नेत्रतज्ज्ञ रिचर्ड शेरर यांनी १९२४ मध्ये लिहिलं. हे ठिपके म्हणजे आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. दृष्टिपटलाच्या केशवाहिन्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढ्यात असतात, म्हणजे प्रकाशाला आधी रक्त ओलांडावं लागतं. तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषून घेतात. त्यांची सावली कायमचीच, म्हणून मेंदू तिची दखल घेणं सोडून देतो. पण शेकडो तांबड्या पेशी गेल्या की मध्येच एखादी पांढरी येते. ती केशवाहिनीहून जाड, अंग चोरून पुढे सरकणारी. तिच्यातून निळा प्रकाश आरपार जातो आणि तेवढ्यापुरती सावलीत खिडकी उघडते. ती उघडीप म्हणजे तो ठिपका.

मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा खाली जेवायला हाका मारत होते आणि मला उठवेना. करोनाच्या काळापासून ज्या प्रतिकारशक्तीबद्दल आपण इतकं बोलतो, काढे पितो, ती अशी गस्त घालताना दिसत होती, आणि तिकीट काही नव्हतं. पुढे कधीतरी वाचनात आलं, की दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा काही वेळ तुटून पुन्हा सुरू झाला तर त्यानंतरच्या नासधुशीत याच पेशींचा मोठा हात असतो. तेव्हापासून ते ठिपके मला पूर्वीसारखे निरागस वाटत नाहीत.

दृष्टिपटल म्हणजे रोजच्या भाषेतला डोळ्याचा पडदा. जाडी साधारण पाव मिलिमीटर. गर्भात मेंदूचाच एक फुगवटा पुढे सरकतो, पेल्यासारखा खोलगट होतो आणि त्याचा हा पडदा बनतो. म्हणून डोळ्यांचे डॉक्टर बाहुलीतून आत डोकावतात तेव्हा ते हाड न फोडता मेंदूचा एक तुकडा पाहत असतात. भूकही मेंदूची. वजनाच्या मानानं एवढा ऑक्सिजन खर्च करणाऱ्या जागा शरीरात फार थोड्या, आणि साठा जवळजवळ नाहीच. हातावर पोट असलेलं घर. त्याला रसद दोन बाजूंनी येते. प्रकाश टिपणाऱ्या पेशी अगदी मागच्या थरात असतात. त्यांना पाठीमागचा रक्तानं भिजलेला कोरॉइड नावाचा थर पोसतो. पुढच्या थरांची, म्हणजे चित्राची जुळवाजुळव करून ते मेंदूकडे धाडणाऱ्या पेशींची सगळी भिस्त एका धमनीवर. ती डोळ्याच्या नसेच्या मधोमध घुसून येते आणि तिची रुंदी मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढी. काही नशीबवान लोकांना मध्यभागाजवळ एक जादा बारीक धमनी जन्मतः मिळालेली असते. इतरांना ही एकच.

या घराला आणखी एक विचित्र नियम लागू आहे. बोटात काटा मोडला तर तिथं सूज येते, लाली येते, पू होतो आणि चार दिवसांनी सगळं निवळतं. मागे छोटा वण राहिला तर कोण विचारतो? पडद्यात हा थाट परवडत नाही. तिथं केसाच्या जाडीएवढी सूज आली तरी अक्षरं वाकडी दिसतात आणि मेलेल्या चेतापेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणून इथल्या केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट शिवलेल्या असतात. रक्तातल्या पेशींना आणि प्रतिपिंडांना सहजी आत शिरता येत नाही. शिवाय डोळ्याच्या आत असे रेणू पाझरत असतात, की आलेल्या सैनिकाचा जोर तिथंच ओसरावा. व्हॅन डोरेमाल नावाच्या डच डॉक्टरनं १८७३ मध्ये उंदराच्या कातडीचा तुकडा कुत्र्याच्या डोळ्यात ठेवला आणि तो तिथं तग धरून राहिला. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांवर परक्याची कातडी का टिकत नाही, या प्रश्नानं पछाडलेल्या पीटर मेडावार यांनी १९४८ मध्ये सशांवर नीट प्रयोग करून दाखवलं, की शरीर परकी कातडी इतरत्र झिडकारतं, पण डोळ्याच्या पुढच्या पोकळीत ती निभावून जाते. पुढे १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. थोडक्यात, शरीरानं स्वतःच आखून दिलेलं हे शस्त्रबंदीचं क्षेत्र आहे.

आता ती धमनी बुजते असं समजा. मानेतल्या मोठ्या धमनीतून सुटलेला चरबीचा किंवा गुठळीचा कण येऊन अडकतो. अजिबात दुखत नाही. एका डोळ्यापुढे अंधार होतो, बस्स. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५९ मध्ये याचं वर्णन केलं. डोळ्याच्या आत बघायचं यंत्र तेव्हा जेमतेम आठ वर्षांचं होतं. अशा डोळ्यात पडदा दुधासारखा फिकट पडतो आणि ऐन मध्यभागी चेरीसारखा लालबुंद ठिपका उठून दिसतो. तो ठिपका आजाराचा नसतो. मध्यभागी पुढचे थर मुळातच बाजूला सरलेले असतात, त्यामुळे तिथं सुजायला काही नसतं आणि मागचं कोरॉइडचं निरोगी रक्त दिसत राहतं. प्रकाश टिपणाऱ्या पेशीही मागच्या रसदीवर जिवंत असतात. कॅमेरा शाबूत, तार जळाली.

किती वेळात जळते? पंजाबात जन्मलेले आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात हयात घालवलेले सोहन सिंग हायरे यांनी माकडांमध्ये ही धमनी ठरावीक वेळ चिमटून ठेवली. सुमारे ९७ मिनिटांपर्यंत कायमचं नुकसान आढळलं नाही. २४० मिनिटांनंतर वाचवण्याजोगं काही उरलं नाही. पुरवठा पूर्णच बंद झाला तर माणसाला एवढी सवलत मिळत नाही, पंधरा मिनिटांतही घात होतो, असं म्हणणारे संशोधक अलीकडे आहेत. आकडा कोणताही धरा, घड्याळ मिनिटांचं आहे. डोळ्यापुढे अचानक पडदा ओढल्यासारखा अंधार व्हावा आणि पाच-दहा मिनिटांत परत दिसू लागावं, असं झालं की घरातले मोठे "अशक्तपणा असेल" म्हणून विषय संपवतात. पण ही घटना पक्षाघाताची सख्खी बहीण असते. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं असतं. तसाच दुसरा चकवा काचबिंदूच्या तीव्र झटक्याचा. डोळ्यातलं पाणी तुंबतं, एरवी १० ते २१ असणारा दाब पन्नास-साठच्या घरात जातो आणि रक्ताला आत शिरणं अवघड होऊन बसतं. डोकं फुटायला येतं, उलट्या होतात, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. आणि घरात निदान काय होतं? पित्त खवळलं.

प्रयोगशाळेतही हीच युक्ती वापरतात. भूल दिलेल्या उंदराच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत बारीक सुई बसवायची, तिची नळी सलाइनच्या बाटलीला जोडायची आणि बाटली सुमारे दीड मीटर उंच टांगायची. पाण्याच्या त्या स्तंभाच्या वजनानं डोळ्यातला रक्तप्रवाह थांबतो, पडदा पांढरा पडतो. तासाभरानं बाटली खाली घेतली की रक्त पुन्हा वाहू लागतं. पडदा गुलाबी होतो.

इथून खरी गोष्ट सुरू होते. सामान्य बुद्धीला वाटतं, की जे मरायचं ते त्या तासाभरात मेलं. उरलं ते वाचलं. प्रत्यक्षात मरणसत्र पुढचे कित्येक दिवस चालतं. उपासमारीत असहाय झालेल्या पेशींतून ग्लुटामेट सांडतं. तेच ते, ज्याच्या मदतीनं या पेशी एरवी एकमेकींशी बोलतात. पण जास्त झालं की ते ऐकणाऱ्या पेशीला जाळतं. उंदराच्या पिलांच्या पडद्यात हे १९५७ मध्येच दिसलं होतं. त्यात परतलेल्या रक्तातला ऑक्सिजन भर घालतो. उपाशी पेशीत अर्धवट तुटलेली रसायनं साचलेली असतात; ऑक्सिजन एकदम येऊन त्यांच्यावर आदळतो आणि त्याचेच तिखट, जाळणारे अवतार तयार होतात. आगीतून फुफाट्यात, ते असं. पण एवढ्यानंही दिवसांचा हिशेब लागत नाही. त्यासाठी घरात आधीपासून राहणाऱ्या एका मंडळीकडे वळावं लागतं.

त्यांचं नाव मायक्रोग्लिया. पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञानं १९१९ मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवून त्या वेगळ्या काढल्या. या प्रतिकारशक्तीच्याच पेशी, पण रक्तातून आलेल्या नव्हेत. रक्त बनवणारी अस्थिमज्जा तयारही झालेली नसते तेव्हा गर्भाबाहेरच्या पीतककोशातून त्यांचे पूर्वज निघतात आणि मेंदूत व पडद्यात कायमचे वतनदार होतात. उंदरांमध्ये हे २०१० साली सिद्ध झालं. बरीच वर्षं समज असा होता, की काही बिघडेपर्यंत त्या झोपलेल्या असतात. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत खास सूक्ष्मदर्शकानं पाहिलं, तर झोप कुठली! पेशीचं धड जागच्या जागी, पण बारीक फांद्या सतत बाहेर येतात, चाचपतात, मागे जातात, दुसरीकडे निघतात. काही तासांत मेंदूचा कानाकोपरा चाचपून होईल असा त्यांचा झपाटा. तीन वर्षांनी पडद्यातही हेच दिसलं. हे वाचताना आपल्या आत, या क्षणी, कुणीतरी प्रत्येक पेशीच्या दारावर हात फिरवून पुढे जातं आहे.

उपासमारीनंतर या फांद्या आखडतात, पेशी गोल आणि फुगीर होते, आपला थर सोडून मरणाऱ्या पेशींकडे चालू लागते. का? जंतू तर कुणी आलेलाच नाही. बराच काळ प्रतिकारशास्त्राचं सूत्र होतं: आपलं ते ठेवायचं, परकं ते मारायचं. १९९४ मध्ये पॉली मॅट्झिंगर यांनी ते उलटवलं. (याच बाईंनी पूर्वी एका शोधनिबंधावर आपल्या कुत्रीचं नाव सहलेखिका म्हणून छापून आणलं होतं.) त्यांचं म्हणणं, पहारेकरी माणसाची जात विचारत नाही, तो काच फुटल्याचा आवाज ऐकतो. पेशीच्या आत असायची ती वस्तू बाहेर पडलेली दिसली, की समजायचं धोका आहे. पेशीचं इंधन असलेला एटीपी, केंद्रकात डीएनएला आवरून धरणारी प्रथिनं, ही सगळी घरातली भांडी. ती रस्त्यावर पडलेली दिसली तर दरोडाच.

ऐकणारे कान कोणते हेही आता माहीत आहे. त्यांतला एक टीएलआर-४. हा खरं तर जीवाणूंच्या आवरणाचा वास ओळखणारा रेणू. त्याच्या कुळाचं नाव टोल. माशीच्या अळ्यांवर काम करणाऱ्या जर्मन प्रयोगशाळेत एक विचित्र अळी पाहून आश्चर्यानं निघालेल्या उद्गारावरून पडलेलं. हाच रेणू मेलेल्या पेशीतून सांडलेल्या काही प्रथिनांनाही जीवाणूसारखाच दचकतो. हा रेणू नसलेल्या उंदरांच्या डोळ्यात तीच बाटली तितकाच वेळ टांगली, तर पडद्याची हानी कमी झाली. म्हणजे नुकसानीचा काही भाग उपासमारीचा नव्हताच. तो गैरसमजाचा होता.

दचकलेली मायक्रोग्लिया दवंडी पिटते. तिच्या आत प्रथिनांचा एक चक्राकार संच जुळतो, तो एका कात्रीला जागं करतो, कात्री आयएल-१बीटा नावाचा संदेश कापून मोकळा करते. हा संदेश केशवाहिन्यांपर्यंत पोहोचला की त्यांच्या आतल्या भिंतीवर चिकट रेणू उगवतात. आणि वाहत्या रक्तात कोण असतं? आपले आभाळातले ठिपके.

त्यांचं चिकटणं लोकांनी जिवंत डोळ्यात पाहिलं आहे. क्योतोच्या संशोधकांनी १९९८ च्या सुमारास उंदरांच्या रक्तात चमकणारा रंग सोडला, डोळ्याचा रक्तपुरवठा तोडून पुन्हा सुरू केला आणि लेझरच्या यंत्रानं पडद्याचं चित्रण केलं. एरवी सरळ निघून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी शिरांच्या भिंतीवर लोळत, अडखळत जाऊ लागल्या. हे लोळणं सुमारे १२ तासांनी शिगेला पोहोचलं. भिंत धरून थांबलेल्यांची गर्दी त्याहून उशिरा, सुमारे २४ तासांनी, सर्वांत दाट झाली. यांत मोठा भरणा न्यूट्रोफिल या पेशींचा. जंतू मारायला त्यांच्याकडे ब्लीचसारखी रसायनं आणि मांस विरघळवणारी विकरं असतात. ती केशवाहिनीच्या शिवणी उसवतात. काही पेशी जाड असल्यामुळे बारीक वाहिनीत बुचासारख्या अडकून बसतात, म्हणजे नुकता सुटलेला प्रवाह पुन्हा अडतो. शस्त्रबंदीच्या क्षेत्रात, शत्रू नसताना, फौज उतरलेली.

इथं कुंपणच शेत खातं ही म्हण कुणालाही आठवेल. मला ती पुरेशी वाटत नाही. त्या म्हणीतल्या कुंपणाची नियत खराब आहे. इथं प्रत्येक जण नेमून दिलेलं काम चोख करतो आहे.

कॉम्प्लिमेंट या यंत्रणेकडे पाहिलं की हे जास्तच पटतं. रक्तद्रवातली ही तीसहून अधिक प्रथिनं. झ्यूल बोर्दे यांना त्यांच्यावरच्या कामासाठी १९१९ चं नोबेल मिळालं. जंतूवर खूण करणं हे त्यांचं एक काम: हा खा. खूण दिसली की भक्षक पेशी गिळते. आता २००७ मधला बेथ स्टीव्हन्स आणि बेन बॅरेस यांचा शोध बघा. जन्माच्या सुमारास डोळ्यातून मेंदूकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या झालेल्या असतात. नंतर त्यांची छाटणी होते आणि नेमक्या तेवढ्याच उरतात. उंदरांमध्ये दिसलं, की छाटायच्या जोडणीवर खूण करायला सी-१-क्यू हेच कॉम्प्लिमेंटचं प्रथिन लागतं. पुढे हेही कळलं, की गिळायला मायक्रोग्लिया येतात. आपल्याला आज सुई ओवता येते, आईचा चेहरा लांबून ओळखता येतो, त्यामागे कधीकाळी या जोडीनं केलेली बागकामाची छाटणी असावी. तीच कात्री म्हातारपणी किंवा अपघातानंतर पुन्हा हातात घेतली जाते. रक्तपुरवठा तुटून जुळल्यावर पडद्यात कॉम्प्लिमेंटची प्रथिनं वाढतात आणि चित्र मेंदूकडे नेणाऱ्या पेशींवर बसतात. ज्या उंदरांत सी-३ हा या साखळीचा मधला दुवाच नव्हता, त्यांच्यात त्या पेशींचं मरण लांबलं. लांबलं म्हणतो, टळलं म्हणत नाही.

सगळ्यात चकित करणारा प्रयोग मात्र २०१८ चा. तो रक्त थांबवण्याचा नाही, त्याच्या शेजारचा: उंदरांच्या डोळ्यात दाब काही काळ वाढवला, मग तो पूर्ववत झाला, पण पेशी पुढेही मरत राहिल्या. पडद्यात टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशी घुसल्या होत्या आणि त्यांचं लक्ष्य होतं संकटात पेशी बनवतात ती उष्माघात प्रथिनं. ही प्रथिनं इतकी प्राचीन आहेत, की जीवाणूंची आणि आपली एकमेकांसारखी दिसतात. मग संशोधकांनी तोच प्रयोग जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांवर केला. त्यांच्या पोटात एकही जीवाणू नाही. त्यांच्या डोळ्यात दाब वाढवूनही टी-पेशींचा हल्ला झाला नाही! म्हणजे या सैनिकांनी शत्रूचा चेहरा आतड्यातल्या जीवाणूंवरून शिकलेला होता, आणि पुढे डोळ्यात तसाच चेहरा दिसल्यावर त्यांनी तिथं हत्यार उपसलं. पोट कुठं आणि पडदा कुठं!

एवढं वाचून वाटेल, की प्रतिकारशक्तीलाच गुंगीचं औषध द्यावं, प्रश्न मिटला. एका आजारात ते खरोखर असंच असतं. पन्नाशीनंतर काही जणांच्या डोक्यातल्या धमन्यांवर प्रतिकार पेशीच हल्ला करतात; तिथं रक्त अडवणारेही तेच. कानशिलं दुखतात, चावताना जबडा भरून येतो आणि मग दृष्टी जाते. तिथं वेळ न दवडता भरपूर स्टेरॉइड देतात, कारण दुसरा डोळा वाचवायचा असतो. पण एरवी हिशेब इतका सरळ नाही. इस्रायलमधल्या मिखाल श्वार्ट्झ यांच्या गटानं २०११ मध्ये दाखवलं, की ग्लुटामेटनं जखमी केलेल्या पडद्यात रक्तातून येणाऱ्या काही भक्षक पेशी आल्याच नाहीत तर जास्त चेतापेशी मरतात. त्या पेशी दाह शमवणाऱ्या होत्या. फौजेत आग विझवणारेही असतात आणि ते त्याच दारातून येतात. कॉम्प्लिमेंट रोखणारी इंजेक्शनं डोळ्यासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, पण ती वयोमानानं झिजणाऱ्या पडद्यासाठी. धमनी बुजलेल्या डोळ्यासाठी नव्हे. कुणाला थांबवायचं, याइतकाच कधी थांबवायचं हाही प्रश्न आहे.

न्यूट्रोफिलचंच बघा. मरताना ही पेशी स्वतःचा डीएनए उसवून जाळ्यासारखा बाहेर फेकते. जंतू त्यात अडकतात. हे जाळं २००४ मध्ये सापडलं तेव्हापासून ऊतींची नासाडी करणारं म्हणून बदनाम आहे. मॉन्ट्रियलच्या एका गटानं २०२० मध्ये रक्ताला पारखा झालेला उंदराचा पडद्याचा भाग तपासला. अशा भागात पुढे नव्या, वेड्यावाकड्या, गळक्या वाहिन्या फुटतात आणि त्यांतल्या अनेक पेशी म्हाताऱ्या होऊन नुसत्या अडून बसतात. या पडद्यात न्यूट्रोफिल आले होते, पण उशिरा, पडझड होऊन गेल्यावर. त्यांनी तीच जाळी फेकली होती. जाळ्यांत सापडून मरत होत्या त्या म्हाताऱ्या वाहिन्यांच्या पेशी, आणि त्या हटल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत नीट, सरळ वाहिन्या पुन्हा मार्गी लागत होत्या.